पांढऱ्या भिंतीवर चौक दिसत नाही

पांढराच रंग मारा, स्वस्त पडतो, किती वेळा सांगू? सकाळीही मी आईवर फोनवर ओरडलो. उधव्याला गावच्या घरी बहिणीचं लग्न आहे, भिंतीवर लग्नाच्या देवीचा चौक चितारायचाय. आई म्हणाली, "येड्या, तांदळाच्या पिठाचा चौक पांढऱ्या भिंतीवर दिसंल का? गेरूच पायजे."

दुपारी इथे चेन्नईला खोलीवर पिक्चर बघितला. पोरगा कामाला लांब जातो तेव्हा आईने गेरूने सारवलेली घराची भिंत लाल असते. परत येतो तर पांढरी. त्याची आई गेली हे कोणी बोलतच नाही, भिंतच सांगते.

हादरलो राव. लगेच आईला फोन लावला, म्हटलं गेरूच लाव.

"लावते. पण चौकासमोर तू पायजेस."

सुट्टी अजून मिळाली नाही. गाववाल्यांनो, बहिणीच्या लग्नाला स्वतः न जाता नुसते पैसे पाठवलेत का कोणी? गेरूला आणि चौक काढणाऱ्या बायांना दोन हजार पाठवतोय.