पत्र्यावरचा आसाराम

घोडेगावात आसारामला कोणी इतिहासकार म्हणत नाही, पण शहाऐंशी सालच्या टीव्हीबद्दल त्याच्यापुढे तोंड उघडायची कोणाची छाती होत नाही. त्या साली त्याच्या वडिलांची बैलजोडी शर्यतीत पहिली आली आणि पुढच्या रविवारी ती शर्यत चार मिनिटं टीव्हीवर दाखवली. अख्खं गाव त्यांच्या ओट्यावर दाटलं. आसाराम मात्र वर पत्र्यावर, अँटेना धरून. हात सोडला की चित्र जायचं. म्हातारा गेला, बैल गेले. पण ती चार मिनिटं गावात फक्त आपल्यालाच बघायला मिळाली नाहीत, हे दुःख त्याला अजून खातं.

यंदा पुण्याची मनवा नावाची दिग्दर्शिका त्याच काळातल्या शर्यतींवर सिनेमा करायला गावात आली. तो रविवार जसाच्या तसा उभा करायचा म्हणून तिने त्याच ओट्यावर लाकडी पेटीचा टीव्ही मांडला आणि आसारामला सल्लागार नेमलं. गड्याला वाटलं, देव पावला. आता पुढच्या रांगेत मांडी घालून बघू.

मग त्याचे सल्ले सुरू झाले. टीव्हीवरच्या शर्यतीत कोपऱ्यात सेकंदांचे आकडे पळणार म्हटल्यावर तो भडकलाच. "सेकंद कसले? धुळीत बैल दिसलं तरी लई हुतं!" रंगीत चित्र त्याने रद्द करवलं. बैलांची शेवटची उडी पुन्हा सावकाश दाखवायचा बेतही हाणून पाडला. अँटेनेचं तोंड नेवाशाकडे बघून तर त्याने कपाळाला हात लावला. "सिंहगडाकडं करा, मॅडम, टीव्हीचा टावर तिकडं हुता. आन हातानं धरावी लागती. वाऱ्यानं फिरती ती."

"म्हणजे वर माणूस हवा ना, काका?"

"व्हय तर!"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. बायको साळूबाई म्हणाली, "आजून शिकवा लोकान्ला!"

खरेपणाच्या हट्टापायी साठीतला आसाराम पुन्हा पत्र्यावर चढला. खाली लोक ओरडले, नाचले, कोणी गुलाल उधळला. वर त्याला रडू आवरेना. शॉट संपताच तो शिडीवरून धडपडत उतरला आणि टीव्हीपुढे जाऊन उभा राहिला. काचेवर हिरवा कागद डकवलेला. चित्र म्हणे नंतर मुंबईत बसवणार.

"म्हंजे कुनालाच काय दिसलं न्हाई?"

"कोणालाच नाही, काका."

आसाराम मटकन ओट्यावर बसला आणि पोट धरधरून हसला. चाळीस वर्षं तो एकटाच होता. आज अख्खं गाव त्याच्यासोबत पत्र्यावर होतं.