भूल चढली का?

दवाखान्यात ताई लागली ती उपकरणं उकळायला. पुढे अठ्ठावीस वर्षं ती तिथेच राहिली, आणि ‘ताई आहेत ना आज?’ असं विचारूनच पेशंट पायरी चढू लागले. दवाखाना दातांचा, आणि डॉक्टर म्हणजे माझे यजमान. मागच्या गुरुवारी ताई गेल्याला महिना झाला.

खुर्चीवर बसण्याआधी प्रत्येकाने बूट काढायचे, मोजेसुद्धा, हा तिचा नियम. लोकांना वाटे, बाईला स्वच्छतेचं वेड आहे. खरं कारण तिने मला फार उशिरा सांगितलं.

“वहिनी, डॉक्टरांचं लक्ष दातात. पेशंटच्या तोंडात नळ्या, तो बोलणार कसा? दुखलं तर हात वर करा म्हणतो आपण, पण निम्मे लोक लाजेपायी करत नाहीत. पायाची बोटं बिचारी लाजत नाहीत.”

एकदा आमच्या मुलाच्या शाळेचे हेडमास्तर रूट कॅनॉलला आले. दाताच्या मुळाशी पू झालेला. अशा दाताला भूल सहजी चढत नाही. इंजेक्शन देऊन दहा मिनिटं झाली. मी डबा घेऊन गेले होते, ती दारातच थांबले.

“भूल चढली का?” ताईने विचारलं.

“चढली, चढली. आटपा आता.”

“दुखलं तर डावा हात वर करायचा.”

“अहो, जन्मभर लोकांना हात वर करायला लावलेत मी. मला काय शिकवता?”

डॉक्टरांनी ड्रिल लावलं. मास्तर पुतळ्यासारखे पडलेले. पायाशी उभी असलेली ताई म्हणाली, “थांबा डॉक्टर. अंगठे वळले.”

तोंड मोकळं होताच मास्तर कडाडले, “ह्या बाई माझ्या पायात काय बघतात?”

“तुमची कॉपी पकडली, सर.”

डॉक्टर इतके हसले की त्यांना ड्रिल खाली ठेवावं लागलं. मग दुसरं इंजेक्शन थेट दाताच्या नसेत द्यायचं ठरलं. ताईने मास्तरांचा खांदा धरला. “हे दुखणार. तीन आकडे मोजेपर्यंत. मग नाही.” आणि स्वतःच मोजायला लागली.

‘दुखणार नाही’ असं ती कधी कुणाला म्हणाली नाही, लहान मुलांनाही नाही. “एकदा फसवलं की पुन्हा तोंड उघडत नाहीत,” ती म्हणायची. लग्न तिने केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणे, “दिवसभर इतकी तोंडं बघते, घरी आणखी एक कशाला?”

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा ती परगावी बहिणीकडे राहायला गेली. त्यानंतर दोन वर्षांनी डॉक्टरांना पक्षाघात झाला. हात उचलेनात, शब्द फुटेना. हॉस्पिटलने घरी न्या म्हणून सांगितलं. मी खिडकीजवळ त्यांचा पलंग लावून घेतला. पाय गार पडायचे म्हणून मी विणलेले लोकरीचे मोजे घातले, वर रजई. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली रोज लिहायची सवय मोडली नव्हती, त्यामुळे त्यांना घरी आणल्यानंतरचे पहिले अकरा दिवस माझ्या डायरीत जसेच्या तसे आहेत. ‘शांत आहेत. कण्हत नाहीत.’ ‘शांत झोप.’ ‘गरम दूध चमच्याने दिले. तोंड फिरवले. भूक नसावी.’ सहाव्या दिवशी तर मी रागावले होते. तेही लिहिलं आहे. “लहान मुलासारखं काय करता? घोटभर घ्या की.” आणि हनुवटी धरून मी ते दूध पाजलं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी ताई आली. पिशवी खाली ठेवली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि थेट पायाशी जाऊन रजई वर केली. मोजे काढले.

दहाही बोटं आत वळलेली होती. घट्ट, मुठीसारखी.

“वहिनी, ह्यांना दुखतंय.”

“अगं, हॉस्पिटलचे डॉक्टर रोज येऊन तपासतात. शांत आहेत ते.”

“शांत नाहीत. बोलता येत नाही त्यांना.” तिने हात धुतले, बॅटरी मागितली, त्यांचा ओठ हळूच बाजूला केला. डावीकडची खालची शेवटची दाढ. हिरडी टम्म फुगलेली. बोट लावताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सबंध गावाच्या दाढा बऱ्या केलेला माणूस.

तासाभरात त्यांच्या हाताखाली शिकलेली डॉक्टरीण पेटी घेऊन आली. पहिलं इंजेक्शन दिलं. “भूल चढली का?” ताईने सवयीने विचारलं, पण विचारलं ते पायांकडे बघून. “नाही चढली. अजून एक.” तिसऱ्याला ती त्यांच्या कानाशी वाकली. “डॉक्टर, हे दुखणार. तीन आकडे. एक... दोन... तीन.” दात उघडला, पू निघाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक बोट सुटत गेलं. शेवटी अंगठे.

त्यानंतर डॉक्टर नऊ दिवस जगले. दूध तोंड न फिरवता घेत होते. मोजे मी पुन्हा घातले नाहीत. तळपाय हातात धरून बसायचे.

त्या दुपारी डॉक्टरीण गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. गॅसवर दुधाचं तेच पातेलं होतं. मी विचारलं, “किती दिवसांचं असेल गं हे?”

ताईने माझ्या डोळ्यांत बघितलं. “कालचंच असणार, वहिनी. फार तर परवाचं. आधी नसणारच.”

आवाज अगदी सरळ होता. मी मान खाली घातली. गार फरशीवर तिचे अनवाणी पाय होते. बोटं आत वळलेली, घट्ट.

डायरीत त्या दिवशीच्या पानावर तिचंच म्हणणं लिहिलं आहे, ‘दाढ कालपासून दुखत असावी.’ बाकीची अकरा पानं मी खोडलेली नाहीत.