डाव्या चाकाचं हळदकुंकू

देवीवर माझा राग नव्हता, पण विश्वासही उरला नव्हता. संपाआधी मी परळच्या एका गिरणीत लूमखात्यात फिटर होतो. वडील त्याच गिरणीत विणकर. संप सुरू झाला तेव्हा वडिलांनी गावच्या देवीला नवस बोलला होता, की गिरणी चालू होऊ दे, जत्रेला येऊन ओटी भरीन. गिरणी चालू झाली नाही आणि वडील गावी गेले नाहीत. पुढे अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. काही वर्षांनी एका सकाळी लालबागच्या आमच्या खोलीत खाटेवरून ते म्हणाले, यंदा जत्रेला जायचं. नवस फळला नाही तर कशासाठी, असं मी विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढची जत्रा त्यांना दिसेल याची खात्री नाही, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

गिरणी सुटल्यावर मी एक जुनी फोर-व्हील पिकअप घेतली होती. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून दादरच्या बाजारात मासळी पोचवायचो. गाडी इतकी चाललेली, की मैलांचा काटा एकदा पुरा फिरून पुन्हा शून्यावरून सुरू झाला होता. आमच्या गावाला शेवटचे तीन मैल एसटी जात नाही. नदीचं पात्र आणि मग जांभ्या दगडाची खडी चढण. आडव्या माणसाला घेऊन तिथे चढायचं तर चारही चाकांनी ओढणारी गाडीच हवी, आणि माझ्या गाडीचा पुढचा ॲक्सल खिळखिळा झालेला. स्टिअरिंग थरथरायचं, वळताना आतून कटकट यायची. तीन रविवार चाळीमागच्या मोकळ्या जागेत बसून मी पुढचं सगळं उतरवलं. किंगपिनची बेअरिंगं, चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधे, चाकांच्या मधल्या हबची बेअरिंगं, सील, सगळं बदललं. नवं ग्रीस भरलं. चाळीतल्या लोकांनी गाडीला वेडी म्हातारी म्हणायचं सोडलं, तेव्हा मला जरा अभिमानही वाटला.

निघायच्या सकाळी गाडीत मागे गादी घातली. बायकोनं हळदकुंकवाचं ताट बाहेर आणलं. आमच्यात काम झालेली गाडी जागची हलण्याआधी तिची पूजा होते. वडिलांनी डावा हात वर करून तिला अडवलं.

"हयसर नको. आधी बंदरावरच्या देवीच्या दारात गाडी उभी कर. पूजा थंयच."

"बाबा, बंदर उलट्या दिशेला आहे. आपल्याला घाट उजेडात उतरायचाय."

"संपात दोन वर्सां त्या बंदरार टोपल्यो उचललंय. तिका सांगल्याशिवाय घाट नाय."

मी चिडून गाडी कफ परेडकडे वळवली. एक तास गेला, एवढाच माझा हिशेब होता.

मच्छीमार नगरातलं ते देऊळ म्हणजे चार हात उंचीची घुमटी. शेजारी बोंबील वाळत होते. बायको मागे वडिलांचं डोकं धरून बसली होती, म्हणून ताट घेऊन मीच उतरलो. बोंबील परतणारी एक म्हातारी कोळीण जवळ आली. मी तिला ओळखत नव्हतो.

"पुरुषाच्या हातान कसली पूजा? दे इकरं." तिनं बोटं कुंकवात बुडवली आणि पुढच्या डाव्या चाकाच्या मधल्या टोपीला टेकवली. लगेच हात झटकून ओरडली, "आरं मेल्या! चूल पेटवलीस का भितर?"

मी उजव्या चाकाला हात लावला. ते थंड होतं. डाव्याला हात लावून ठेवता येईना.

इथे एक कबुली द्यायला हवी. परळच्या ज्या मेकॅनिकनं मला बेअरिंग ओढून काढायचं हत्यार उसनं दिलं होतं, त्यानं बजावलं होतं, की हबचा नट कसून झाला की थोडा मागे घ्यायचा, बेअरिंगला फिरायला जागा लागते. उजव्या चाकाला मी तसं केलं. डाव्याच्या वेळी हात सवयीनं चालला. लूमखात्यात दिवसभर हादरे असतात. तिथे नट ढिला ठेवणं हा गुन्हा. मी तो ताकदीनिशी आवळला, वर लॉकनट चढवला आणि चांगलं काम झालं असं स्वतःला सांगितलं.

दोन कोळ्यांनी होडीखालचे ठोकळे आणून गाडी उचलून धरली. हब निवल्यावर उघडला. ग्रीस पातळ होऊन काळं पडू लागलं होतं, पण बेअरिंग अजून जळून निळं पडलं नव्हतं. ते पुसून, ग्रीस बदलून मी नट कसला आणि मागे घेतला. चाक हातानं फिरवलं तर अलगद फिरत राहिलं. चाळीतच पूजा झाली असती तर ती थंड चाकाची झाली असती. मग हे मला कळलं असतं ते घाटात, मागे वडील आणि बायको असताना. यापलीकडे मी काही सिद्ध करू पाहत नाही. महिन्यानं मी त्या म्हातारीला साडी नेऊन दिली. ती हसून म्हणाली, "माजा हात पोलला म्हनून वरडले. मी काय देवी हाय?"

चढण गाडीनं एका दमात घेतली. जत्रेत वडिलांना खुर्चीसकट देवळात नेलं. गुरवानं गाऱ्हाणं घालण्याआधी विचारलं, देवीकडे काय मागायचं? मला वाटलं, ते स्वतःचे हातपाय मागतील, नाहीतर गेलेली गिरणी.

"काय एक नको," वडील म्हणाले. "रागान इतकी वर्सां येवक नाय. आता झीलान हाडल्यान, ह्यां सांगूक इलंय."

रागानं इतकी वर्षं आला नाही, आता मुलानं आणलं, हे गुरवानं जसंच्या तसं देवीला सांगितलं. वडिलांनी डावा हात कपाळाशी नेला. उजवा मी उचलून त्याला जोडला. सगळ्या माणसांनी "होय महाराजा" म्हटलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच मीही म्हटलं.