डोंग्याला पाणी

"आधी बसा, मंग बोला."

डोंग्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो हे ऐकवायचा. हातातला बांबू वाळूत रोवून त्यावर हनुवटी टेकायचा आणि माणूस खाली बसेपर्यंत डोंगा तसूभरही हलवायचा नाही. एकदा आमचे केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. चष्मा पुसत उभ्या उभ्याच विचारू लागले, नदीला पाणी किती? हा ढिम्म. साहेब शेवटी कडक इस्त्रीच्या पँटीसकट ओल्या लाकडावर बसले, तेव्हा उत्तर मिळालं, "तुमी उभे राह्यले तर बुडाल, इतकं."

त्या गावात मी आठ वर्षं मास्तर होतो. घर मूल गावाला, नोकरी नदीकाठी. अलीकडे आम्ही, पलीकडे तेलंगणा. तो आमचा नावाडी. सकाळी मासे धरायचा, दिवसभर माणसं पोचवायचा. वय पन्नाशीच्या पुढे, छाती दारासारखी रुंद, आवाज मात्र बारीक. सगळं गाव त्याला भाऊ म्हणे, म्हणून मीही.

गावाची एक रीत होती. धान निघालं की प्रत्येक घरातून त्याला सूपभर धान जायचं आणि वर्षभर गावच्या माणसाला भाडं नसायचं. मात्र पलीकडून गावच्या कुणी हाक मारली की त्यानं गेलंच पाहिजे. ताटावरून उठून पळताना मी त्याला पाहिलंय. बायको मागून ओरडायची, "अवो, भात तरी गिळा!" तो काठावरून म्हणायचा, "भात थांबते, मानूस नाई थांबत."

करोनाची टाळेबंदी लागली आणि हुकूम आला: डोंगे पाण्याबाहेर काढा, साखळदंडानं बांधा. शाळा बंद, म्हणून मास्तरांना नाक्यावर बसवलं. मला घाट मिळाला. करंजाच्या सावलीत एक टेबल, एक नोंदवही आणि भाऊच्या डोंग्याच्या कुलपाची किल्ली. इतका मोठा अधिकार मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि खरं सांगतो, पहिले दोन दिवस मी जरा फुगलोच होतो.

भाऊनं कुरकुर केली नाही. रोज सकाळी दोन बादल्या घेऊन यायचा, नदीतून पाणी आणून डोंगा भरायचा, वरून ओली पोती टाकायचा. दुपारी पुन्हा तेच.

"काय भाऊ, आंघोळ घालताय का त्याला?"

"पानी पाजून राह्यलो, गुरुजी. एका लाकडाचा डोंगा हाय, माह्या बापानं कोरला. उन्हात सुकला का फाटते. मंग त्याले कोनी जोडू शकत नाई."

मग तो लांब बसून तेच ते जाळं विणत राहायचा. बाजार बंद, मासे घेणार कोण? तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यानं मला तळहात दाखवले. म्हणाला, "पाहा, मऊ झाले." लाजल्यासारखा हसला.

तेलंगणात मिरची तोडायला गेलेली आमच्या गावची माणसं तिकडंच अडकली होती. एका दुपारी ती पलीकडच्या वाळूवर दिसली. बारा-तेरा जणं, डोक्यावर गाठोडी. जंगलाजंगलानं चालत आली होती. पाय भाजत होते म्हणून जागच्या जागी नाचल्यासारखी उभी होती.

"डोंगा होऽऽ!"

भाऊ उठला. माझ्यासमोर येऊन हात पुढे केला.

"किल्ली द्या, गुरुजी."

तोवर गावातले सात-आठ जण काठ्या घेऊन घाटावर आले होते. त्यातला एक म्हणाला, "आनू नोको भाऊ. बिमारी आनतीन ते." पलीकडे या बोलणाऱ्याचाच सख्खा चुलतभाऊ उभा होता. मी म्हणालो, "हुकूम आहे, भाऊ. माझी नोकरी जाईल."

"त्याहिचं धान खाल्लं मी, गुरुजी. हाक आली."

तेवढ्यात पलीकडची एक बाई गाठोडं सावरत पाण्यात उतरली. उन्हाळ्यात नदी वरून शहाणी दिसते, पण मध्ये डोह आहे, हे अलीकडचं पोरही जाणतं. घाबरलेल्या माणसाला मात्र आठवत नाही. पाणी तिच्या कमरेला लागलं. भाऊ बारीक आवाजात जिवाच्या आकांतानं ओरडला, "मांगं फिर, बाई! मांगं फिर!" ती थांबली, पण मागे फिरेना.

मी काय केलं असेल, सांगा. मी किल्ली टेबलाच्या कडेला ठेवली आणि नोंदवहीत मान घातली. देतो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. मान वर केली तेव्हा डोंगा पाण्यात होता, आणि काठ्या घेतलेले लोक मागे सरकून नुसते बघत होते.

तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला पलीकडून तेच ऐकू यायचं, "आधी बसा, मंग बोला." शेवटची खेप काठाला लागते न लागते तोच रस्त्यावर गाडीचा धुरळा दिसला. भाऊनं माझ्याकडे पाहिलं. किल्ली माझ्या नोंदवहीवर टाकली, एक धोंडा उचलला आणि उघडं कुलूप दोन घावांत चेचून टाकलं.

तहसीलदार साहेब उतरले. "कुलूप कोणी काढलं?"

"मी फोडलो, साहेब. गुरुजी नाई म्हनून राह्यले होते."

सगळ्यांना चौदा दिवस माझ्याच शाळेत कोंडलं. डोंगा पुन्हा वाळूवर ओढला, नवं कुलूप घातलं. भाऊ चौथीच्या वर्गाच्या खिडकीत उभा राहून मला म्हणाला, "एकच काम करा, गुरुजी. डोंग्याले पानी पाजत जा. दोन टाइम."

"पाजतो, भाऊ. ही काय सांगायची गोष्ट आहे?"

दोन दिवस पाजलं. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या एकाला ताप भरला. गावात नुसती कुजबुज झाली आणि माझी झोप उडाली. तो माणूस त्याच डोंग्यात बसून आला होता. त्याच्या कडेला त्यानं हात लावला होता. मी बादली घेऊन डोंग्यापासून दहा पावलांवर जायचो आणि परत फिरायचो. दुसऱ्या कुणाला सांगावं, तर घाटाकडे फिरकायला कुणी तयार नव्हतं.

रोज संध्याकाळी खिडकीतून आवाज यायचा, "पाजले ना, गुरुजी?"

"पाजलं."

आठ वर्षं मी पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवत होतो. त्याच शाळेच्या अंगणात उभा राहून मी रोज खोटं बोललो. त्या माणसाचा ताप मलेरियाचा निघाला, तेही उशिरा कळलं. कळल्याबरोबर मी बादल्या घेऊन धावत सुटलो. ओतलेलं पाणी खालून वाळूत जाऊ लागलं.

पंधराव्या दिवशी भाऊ सुटला. घरी न जाता सरळ घाटावर आला. टोकापासून मध्यापर्यंत फट गेली होती. त्यानं तीत बोट घातलं आणि तसंच सरकवत शेवटापर्यंत नेलं. मी बाजूला उभा होतो. सगळं सांगून टाकायचं ठरवून आलो होतो, पण वाकून बादल्याच गोळा करू लागलो.

"ऊनच लय होतं औंदा," तो म्हणाला.

त्या दिवशी त्यानं मला बसा म्हटलं नाही.

त्यानं फटीत डांबर भरलं, चिंध्या कोंबल्या. मध्यावर गेलं की पाणी आत यायचंच. नवा डोंगा कोरायला तसं झाड कुठलं आणि ते तोडू देणार कोण? नदी होती, हाक होती, डोंगा नव्हता. त्या वर्षी धान निघालं, तेव्हा लोक रीतीप्रमाणे सूप घेऊन त्याच्या दारी गेले. त्यानं ते परत पाठवलं.

पुढच्या मिरचीच्या हंगामात गावात जीप आली. तेलंगणात तोडाईला जाणारी माणसं, मागच्या वर्षी पायी आलेलीच बहुतेक, गाठोडी घेऊन चढत होती. आता लांबच्या पुलावरून जायचं होतं. मागच्या फळीवर, अगदी कडेला, भाऊ बसला होता. मांडीवर गाठोडं, त्यावर ते मऊ झालेले हात.

मी शाळेतून पळत आलो. हातात खडू तसाच होता.

"भाऊ, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो डोंगा, मी..."

त्यानं गाठोडं उचललं, शेजारच्या बाईला जरा सरकायला लावलं आणि फळीवर माझ्यापुरती जागा केली. जागेवर हात थोपटत म्हणाला,

"आधी बसा, मंग बोला."

मी पाय उचलला. तेवढ्यात जीप हलली, आणि मी खडू घेऊन उभाच राहिलो.