मोतीरामचा बंद पडलेला चाकू आणि बोदलकशाची वाट

साकोलीच्या कुंदाताई, गुडघा काय म्हणतो? मागच्या खेपेला तुम्ही लिहिलं होतं की जिना चढताना भिंत धरावी लागते. आता हात सुटला का भिंतीचा? देवरावजी, डोळ्याची पट्टी निघाली असेल, तर हे तुम्ही स्वतः वाचताय असं धरून चालतो. नातीकडून वाचून घेत असाल, तर तिलाही आशीर्वाद. पुण्याच्या निखिल, अंगठ्याचे टाके काढले का? आणि टाके निघाले म्हणून लगेच तो नवा चाकू एका हाताने फटकन उघडायची घाई करू नकोस, बाबा. बालाघाटचे तिवारीजी, थंडी पडायला लागली, दम्याचं सांभाळा. मी ठीक. आमच्या घरचीही ठीक, फक्त माझ्या चाकूंच्या डब्याकडे पाहून नाक मुरडणं तेवढं चालू आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी भातगिरणीत फिटर होतो, आता गोंदियाजवळ मुर्रीला घरी असतो. घडीच्या चाकूंचा नाद मला नव्याण्णव साली लागला. पोलादाचं जे काही कळतं ते गिरणीत हात काळे करून आणि पुढे सायबर कॅफेत डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो. या ब्लॉगवर चाकूचं आणि फिरण्याचं, दोन्ही लिहितो. या वेळी दोन्ही एकत्र आलं.

दिवाळीच्या आधी मोतीरामचा फोन आला. मोतीराम म्हणजे बोदलकसा तलावात मासे धरणारा माझा जुना सोबती. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजारात तो घडीच्या चाकूने मासा साफ करताना दिसला होता, तिथूनच आमची ओळख. त्याचा मुलगा प्रवीण मस्कतला हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी बापासाठी अमेरिकन बनावटीचा चाकू आणला. टायटॅनियमची मूठ, बोटभर लांबीचं पातं, पावडरपासून बनवलेलं भारी पोलाद. असा चाकू माझ्या डब्यातही नाही.

"फिटरभाऊ," मोतीराम म्हणाला, "चाकू उघडूनच नाई राहिला."

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने. तुम्हाले सांगाची लाज वाटत होती. मासळीचा पानी गेला असन आतमंदी. परवा पोट्टा येऊन राहिला. येताबरोबर पह्यले चाकू मांगन. उद्या तिरोड्याले नेतो, वेल्डिंगवाला म्हनते गरम केला का सुटते."

मी खाटेवरून उठून उभा राहिलो. "मोतीराम, आग लावू नको त्याला!"

"काऊन?"

"पाणी उतरेल पात्याचं. सुटेल, पण मग भेंडीसुद्धा कापणार नाही. मी येतो. मी येईपर्यंत घराबाहेर काढू नको."

"दुपारपर्यंत या मंग. त्याच्यापुढं मी नाई थांबत. पोट्ट्याले काय दाखवू मी?"

नवखे वाचक म्हणतील, एवढं काय त्यात? पोलादाला कारखान्यात नेमकं मोजून पाणी दिलेलं असतं, त्यावर धार टिकते. वेल्डिंगची ज्योत लागली की ते गेलं, मग चाकू नुसता दिसायला चाकू. आणि मुलाने परदेशातून आणलेली वस्तू बापाच्या हातून मरावी, हे मला बघवलं नसतं.

सकाळी पिशवीत पेचकसांचा संच, सुती कापड, दात घासायचा जुना ब्रश आणि चष्म्याची जादा जोडी भरली. "चाकूला बरं नाही म्हणून निघालात," घरची म्हणाली. "मला ताप आला होता तेव्हा शेजारच्या दुकानातून गोळी आणली होती." तरी डब्यात पोळ्या बांधून दिल्या.

गोंदियाच्या स्टँडवरून गोरेगावची एसटी मिळाली, म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. कंडक्टरने पिशवी पायाने सरकवली तशी ती खणखणली. "आजोबा, काय भरून राहिले इच्यात?" म्हटलं, पेचकस. "बसचा काही खोलू नका म्हंजे झालं, आधीच सारं हालून राहिलं हाय." दोन्ही बाजूंना लवकर पिकणारा हलका धान कापून पडला होता, कुठे भारे बांधणं चालू होतं. या दिवसांत जायचं असेल तर खिडकीची जागा धरा, पण धुळीसाठी रुमाल हाताशी ठेवा.

गोरेगावला बाजाराचा दिवस निघाला. स्टँडपासून चौकापर्यंत माणसं, बैल, मोटारसायकली आणि टोपल्या. मला टर्पेंटाइन हवं होतं. रंगाच्या दुकानात मोठी गर्दी.

"काका, दिवाली का रंग लगा रहे हो?" दुकानदाराने विचारलं.

"नहीं भाई, चाकू खोलना है."

शेजारचं गिऱ्हाईक जरा बाजूला सरकलं. दुकानदाराने बाटली दोन बोटांत धरून माझ्या हातात दिली आणि पुढचं काही विचारलं नाही.

तिथून बोदलकशाकडे गाडी कधी मिळेल याचा भरवसा नाही, हे लिहून ठेवा. स्वतःची मोटारसायकल असेल तर उत्तम. मी बराच वेळ उभा राहिलो. सूर्य डोक्यावर आला. शेवटी कोंबड्यांची डालगी मागे बांधलेल्या एका मोटारसायकलवाल्याला हात केला. "बसाल कुठं, आजोबा?" म्हटलं, डालगी मी मांडीवर घेतो. रस्ता मधूनमधून उखडलेला, जंगल दोन्हीकडून जवळ येतं, आणि मांडीवरच्या कोंबड्या प्रत्येक खड्ड्याला माझ्यावर रागावत होत्या.

मोतीरामच्या घरी पोचलो तर अंगणात यमुनावहिनी धान पाखडत होत्या. "आलात? आता आलात? तो तं निंगाला थांब्यावर."

तसाच मोटारसायकलवर परत बसलो. थांब्यावर मोतीराम धुतलेला सदरा घालून, एक हात खिशावर ठेवून उभा होता. दूर वळणावर तिरोड्याची बस दिसत होती.

"मोतीराम!"

"फिटरभाऊ, दुपार झाली."

"झाली. आण इकडे."

"बस येऊन राहिली."

"येऊ दे. तुला जायचं तर जा, चाकू मला दे."

बस थांबली. कंडक्टरने दार उघडून आम्हा दोघांकडे पाहिलं. "येता का भांडता?" मोतीरामने माझ्याकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, आणि खिशातून चाकू काढून माझ्या हातावर ठेवला. "येक रात," तो म्हणाला. "सकाळी नाई सुटला तं मी नेतो. मंग मधात बोलाचं नाई."

म्हटलं, नाही बोलणार.

अंगणात बाज टाकून बसलो. चाकू खरंच दगड झाला होता. पात्याच्या पाठीवर अंगठा लावून रेटा दिला तरी केसभर हलेना. मोतीरामने आधीच पक्कड लावून पाहिली होती, मुठीवर दोन ओरखडे होते. हे कुणीही करू नका. टायटॅनियम दणकट आहे, पण पात्याच्या बुडाचा स्क्रू बारीक असतो. त्याचं तोंड एकदा गुळगुळीत झालं की देवही तो फिरवू शकत नाही. मी पेचकस बसवून पाहिला, किंचित जोर दिला, आणि लगेच काढला. स्क्रूसुद्धा जाम झाला होता.

मासळीच्या पाण्याने गंज चढतो, हे खरं. पण या पोलादाला असा गंज चढत नाही. मग धरलंय कशाने? उत्तर सापडेना, म्हणून पहिलं काम पहिलं. टर्पेंटाइनचे थेंब सांध्यात सोडले, थांबलो, पुन्हा सोडले.

"असा थेंबथेंब घालून कधी सुटन?" मोतीराम म्हणाला. "बुडवा की सारा."

"बुडवतो. वाटी आण."

चाकू वाटीत पडला आणि आम्ही तलावावर गेलो. बोदलकसा पाहायला येणाऱ्यांनी ऊन उतरायच्या वेळी बांधावर चालावं. पाणी डोंगराच्या कडेपर्यंत गेलेलं, मध्ये पाणकोंबड्या, काठावर जाळी वाळत घातलेली. नेहमी तिथे आमच्या गप्पांना खंड नसतो. त्या दिवशी मोतीराम फक्त एवढंच म्हणाला, "पोट्ट्यानं सांगतलं होतं, बाबा रोज वापरा, पन सांभाळून वापरा. म्या वापरला. सांभाळला नाई." समजूत घालायची तर चाकू उघडून घालावी, तोंडाने घालून काय उपयोग.

रात्री ताज्या मरळीचा रस्सा आणि नवा भात. पोट भरलं, पण तो जेवता जेवता वाटीकडे पाहत होता.

सकाळी उठलो तेव्हा मोतीरामने कालचाच धुतलेला सदरा पुन्हा घातला होता. मी वहिनींकडे गरम पाणी आणि धुण्याचा सोडा मागितला. चाकू टर्पेंटाइनमधून काढून पुसला, सोड्याच्या गरम पाण्यात धरला. पाणी आत शिरलं, वाफ वर आली, आणि वाफेबरोबर एक वास आला. ओळखीचा, जरा कडवट. लहानपणी बैलगाडीच्या लाकडाला लावायचो त्या तेलाचा.

"मोतीराम, यात जवसाचं तेल कोणी घातलं?"

"म्या तं नाई."

चुलीपाशी भांडं आपटलं. "मीच लावत होती," यमुनावहिनी म्हणाल्या. "हा झोपला का. पोरानं देल्ली वस्तू, गंजन म्हनून. कुऱ्हाडीच्या दांड्याले लावतो, खाटंच्या पायाले लावतो, कशाले काही झालं का आजपर्यंत?"

त्यांचं अगदी बरोबर होतं. लाकडासाठी जवसाचं तेल उत्तम, कारण ते वाळतं आणि कडक होतं. नेमकं तेच सांध्यात झालं होतं. थरावर थर, आणि प्रत्येक थर वॉर्निश. मायेनेच पातं रोज थोडं थोडं चिकटवलं होतं.

मोतीराम बायकोकडे पाहतच राहिला. "म्हंजे म्या तीन महिने उगाच तोंड लपवून राहिलो?"

"तोंड लपवाले काय झालं? कोन येते तुमचं तोंड पाहाले?"

तो हसला. मी आल्यापासून पहिल्यांदा.

पण चाकू अजून बंदच होता. आता शत्रू कोण ते कळलं होतं, तेवढं एक. पुन्हा गरम सोडा, पुन्हा टर्पेंटाइन, ब्रशने सांध्यात घासणं. पेचकस बसवला, तळहाताने वरून दाबून धरला आणि श्वास रोखून फिरवला. कट्ट करून स्क्रू हलला, मग फिरत फिरत वर आला. मोतीरामने माझा खांदा इतका जोरात धरला की हात हलला, आणि सुटलेला स्क्रू टण्णकन उडून अंगणात गेला.

अंगणात धानाचा भुसा, माती, कोंबड्यांनी उकरलेलं सगळं. स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा. आम्ही दोघे म्हातारे गुडघ्यांवर आलो आणि हातांनी चाचपू लागलो.

"सरका तिकडं," वहिनी म्हणाल्या. "हातानं माती पांगवून राहिले, अजून गाडान त्याले." त्यांनी झाडूने तेवढा पट्टा हलकेच गोळा केला, सुपात घेतला आणि पाखडायला लागल्या. भुसा उडाला, धूळ उडाली, खडे पुढे आले. पुन्हा एक सूप, पुन्हा पाखडणं. तिसऱ्या सुपात खड्यांच्या मागे काहीतरी चमकलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ पेचकस चालवले, पण स्क्रू पाखडून निघालेला पहिल्यांदा पाहिला.

पुढचं काम हाताच्या सवयीचं. पात्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कांस्याच्या चकत्यांवर पिवळा कडक थर होता, तो नखाने आणि टर्पेंटाइनने काढला. पातं पुसलं. शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. स्क्रू इतकाच आवळला की पातं डुगडुगू नये आणि अडूही नये. मग उघडून, पातं धरून ठेवणारं लॉक बसल्यावर त्याची पाठ लाकडावर दाबून पाहिली. लॉक घसरलं नाही. तेव्हाच चाकू मोतीरामच्या हातात दिला.

त्याने अंगठा लावला. पातं सुळकन उघडलं. त्याने बंद केला, उघडला, बंद केला. मग कापडात गुंडाळायला लागला.

"हे काय?"

"पेटीत ठेवतो. पोट्टा येईपर्यंत हात नाई लावत."

"मोतीराम, मी कोंबड्या मांडीवर घेऊन आलो ते पेटीसाठी नाही. मासा आण."

"अन पुन्हा अडला तं?"

"अडला तर उघडायला सूप आहेच घरात."

वहिनी खळखळून हसल्या. मोतीरामने टोपलीतून एक रोहू काढला. खवले विळीवरच काढ, म्हटलं, पण पोट चाकूने फाड. पातं लोण्यातून जावं तसं गेलं. धार शाबूत होती, पाणी शाबूत होतं. त्याने चाकू धुतला, पुसला, उन्हात धरून सांध्यात पाहिला, आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. पेटीत नाही.

निघताना शिवणयंत्राच्या तेलाची बाटली वहिनींना दिली. "महिन्यातून एकदा, एक थेंब." त्यांनी बाटली डोळ्यांजवळ धरली. "येवढासाच? याच्यानं काय होते, बापा," असं म्हणून वर फडताळात ठेवली. पुढे काय होतं ते देव जाणे.

परतीला एसटी वेळेवर मिळाली. मुर्रीला पोचलो आणि आधी माझा डबा उघडला. सगळे चाकू नीट पुसलेले, तेल दिलेले, धारदार. एकेक उघडून पाहिला, एकही अडला नाही. त्यांत माशाचा वास असलेला एकही नव्हता, आणि मला ते जरा लागलं.

मग प्रवीणचा फोन आला. "काका, बाबाले काय सांगून ठेवलं तुमी? मी चाकू पाह्यले मांगतला तं देऊनच नाई राहिले. म्हनते, मासे पडले हायत, कामात हाय चाकू. तुले पाह्यचा तं तिकडून दुसरा आन."

"मग काय केलंस?"

"काय करू? मासे धुऊन राहिलो."

आता तुम्ही सांगा. घडीच्या चाकूच्या सांध्यात तुमच्याकडे काय घालतात? खोबरेल, करडई, शिवणयंत्राचं, की घरात जे असेल ते? आणि कोणाचा चाकू असा मायेने बंद पाडलाय का? खाली लिहा, आणि लवकर लिहा. अडकलेल्या चाकूबद्दल असेल तर आजच लिहा, त्याला आग दाखवायच्या आधी.