झाकण काढल्यावर

काल धुळ्यात 'पिंजऱ्यातले पोपट सोडा' अशी पत्रकं वाटत होतो. एका दारात मुंग्यांसाठी टाकलेलं पीठ दिसलं आणि जळगावचं आमचं जुनं घर आठवलं.

आठवीत मी बरणीत राणीसकट काळ्या मुंग्या पाळल्या होत्या. त्या वाढतच होत्या. बरणीला आंबूस वास यायचा. शेजारच्या मारवाडी काकी रोज ओट्यावर मुंग्यांना पीठ घालायच्या. त्या म्हणाल्या, "पाळतोस कसला, कोंडलंस त्यांना." चीड आली, पण मुद्दा बिनतोड होता. जड मनानं बरणी ओट्यावर ठेवून झाकण काढलं. मुंग्या रांगेनं उतरल्या, पीठ उचललं आणि परत बरणीत शिरल्या.

"जेवायला माझ्याकडे, राहायला तुझ्याकडे," काकी म्हणाल्या.

राणी आत होती म्हणून परतल्या, मान्य. पण झाकण पुन्हा लावावं की नाही, हे तेव्हा कळलं नाही, आणि आजही छातीठोक सांगता येत नाही.