सांडपाणी निरंक

भाऊसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी मागच्या बाजूला जात. नमस्कार, चहा हे सगळं नंतर. न्हाणीचं पाणी कुठून निघतं आणि कुठं डबकं करून बसतं, हे पाहिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. पाथर्डीच्या बाजूच्या एका कोरडवाहू गावात ते ग्रामसेवक होते आणि मी शाळेवर नवी शिक्षिका. मी खोली भाड्यानं घेतली त्या दिवशी एक अनोळखी माणूस मागच्या बोळात उकिडवा बसून माझ्या मोरीत काडी घालत होता. "कोण पाहिजे?" मी घाबरून विचारलं. वळूनही न पाहता ते म्हणाले, "उतार उलटा आहे, बाई."

त्यांच्या या सवयीला गाव हसे, पण वचकूनही असे. सरपंचांच्या मुलीचं स्थळ पाहायला मंडळी निघाली तेव्हा भाऊसाहेबांनाही सोबत नेलं होतं. परतताना सरपंचांनी त्यांचं मत विचारलं. "शेती चांगली आहे, मुलगाही बरा आहे," भाऊसाहेब म्हणाले, "पण घरातलं सगळं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीला सोडलंय." स्थळ मोडलं. पुढं त्याच भिंतीपायी ते घर आणि शेजारी कोर्टात गेल्याचं कानावर आलं, तेव्हापासून सरपंच भाऊसाहेबांना विचारल्याशिवाय सोयरीक करीनासे झाले.

घरोघर शोषखड्डे खणण्याचा हुकूम आला तेव्हा भाऊसाहेबांना सण आल्यासारखं झालं. खड्ड्यात विटांचे तुकडे, खडी, वाळू, आणि वर भोक पाडून काथ्या भरलेलं मडकं. स्वतः कुदळ घेऊन ते दारात उभे राहत, मग घरच्या माणसाला बसून राहणं जड जाई. "गावाचं पाणी गावात मुरलं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. खड्डे झाले, आणि नेमका पाऊस रुसला. पुढच्या वर्षी तर तो आलाच नाही. हा बहात्तरचा दुष्काळ.

गाव खडी फोडायला जाऊ लागलं, पोरं शाळेत सुकडी खायला येऊ लागली. टँकर आठवड्यातून दोनदा येई. हात धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं जनावरांना. वाया जायला थेंब उरत नव्हता. भाऊसाहेबांचे शोषखड्डे कोरडे ठणठणीत राहिले आणि कोंबड्या त्यांत अंडी घालू लागल्या.

पण महिन्याचा तक्ता सुटत नव्हता. 'सांडपाण्याचा निचरा कसा आहे?' या रकान्यात भाऊसाहेबांनी लिहिलं, 'सांडपाणी निरंक.' तालुक्याहून उलट टपाली विचारणा आली: सांडपाणी नसल्यास शोषखड्डे कशासाठी खणले? यांनी कळवलं, सांडपाण्यासाठी. मग कारणे दाखवा नोटीस आली आणि पाठोपाठ, विस्तार अधिकारी स्वतः निचरा पाहायला येणार असल्याचं पत्र. भाऊसाहेबांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्या आठवड्यात त्यांचा चेहरा उतरलेला होता.

चावडीत सगळे जमले. सरपंच म्हणाले, "टँकरच्या चार घागरी गटारात ओतू. सायेब बघंल आन् जाईल."

"प्यायचं पाणी ओतायचं नाही," भाऊसाहेब म्हणाले. "आणि ते सांडपाणी होत नाही. ते नुसतं सांडलेलं पाणी."

कोपऱ्यात बसलेली पारूबाई, एका म्हशीवर संसार करणारी म्हातारी, शांतपणे म्हणाली, "मग सायबालाच आंगूळ घाला की. धुळीतनं येनार, पावना हाय."

कुणी हसलं नाही. तोड बरोबर होती. घराघरातून तांब्या तांब्या जमून एक बादली भरली. माझ्या शाळेच्या माठानंही एक तांब्या दिला.

साहेब आले ते पापण्यांपर्यंत लाल धुळीनं माखून. अशा दिवसांत अंघोळीला बोलावलं म्हणून त्यांना गहिवरून आलं. सरपंचांच्या न्हाणीतून त्यांनी साबण मागितला, तर साबण सापडेना. तो पारूबाईनं सकाळीच उचलून नेला होता. बाहेर गटाराच्या दोन्ही बाजूंना गाव मान वाकवून उभं होतं.

"आलं," कुणीतरी हळूच म्हणालं.

साहेबांनी पंचा गुंडाळून बाहेर डोकावलं. "काय आलं?"

"आपलं पाणी, साहेब," भाऊसाहेब तक्ता हातात धरून म्हणाले.

पाणी निघालं, त्याच्या बरोबरीनं भाऊसाहेब चालू लागले, मागून पंचा सावरत साहेब. शोषखड्डा हातभर राहिला असताना म्हैस घेऊन उभ्या असलेल्या पारूबाईनं गटारात आडवं घमेलं लावलं.

"पारूबाई, तपासणी आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"आसंल. म्हशीनं सकाळधरनं तोंड वलं केलेलं न्हाई."

भाऊसाहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग म्हशीकडे. वर्षभर ते या क्षणाची वाट पाहत होते. ते बाजूला सरले. म्हैस शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

"आता मी काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"पाहिलंत ते लिहा, साहेब."

साहेब भला माणूस. त्यांनी लिहिलं, 'सांडपाणी आढळले. शोषखड्ड्यापर्यंत पोचण्यापूर्वी म्हशीने त्याचा निचरा केला. समाधानकारक.' महिन्याभरानं तालुक्याहून विचारणा आली: सदर म्हैस ग्रामपंचायतीच्या मालकीची आहे काय?

त्याचं उत्तर द्यायच्या आत भाऊसाहेब कायम झाले आणि त्यांची बदली झाली, प्रवरेकाठी, कोल्हारच्या बाजूला. तिथं कालव्याचं पाणी, तुडुंब गटारं. आम्हाला वाटलं, ते खूश असतील. पण सामान बांधताना ते मला म्हणाले, "एक तरी खड्डा भरलेला पाहायचा होता, बाई."

निरोपाला गाव एसटीच्या थांब्यावर आलं. पारूबाई भरलेला तांब्या घेऊन आली आणि खाली बसून त्यांच्या पायांवर धार धरू लागली. निरोपाला असं पाणी घालण्याची आमच्याकडे रीत नाही, तिनंच ती त्या दिवशी काढली. भाऊसाहेबांनी पाय मागं घेतला. "अहो, प्यायचं पाणी आहे."

"गप हुबं ऱ्हावा, भाऊसायेब," ती म्हणाली. "माझ्या वाटनीचं हाय."

ते उभे राहिले. तांब्या रिकामा झाल्यावर एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात चपला घेऊन ते अनवाणीच एसटीत चढले.